घड्याळवालीचा पाचवा भाग

घड्याळवाली सिनेमाच्या दुसऱ्या भागातली चूक पाचव्या भागात दुरुस्त केलीय, असं आदिलने मला डबा खाताना सांगितलं. आदिल आमच्या छापखान्यात पानं लावतो आणि मी त्या पानांतल्या चुका काढते. दुपारी आम्ही एकाच टेबलावर जेवतो. बातमी सांगताना त्याचं निम्मं लक्ष मेथीच्या भाजीत होतं. "घड्याळवालीचा तो भाऊ आहे ना मॅडम, तो वाचलाच नव्हता," तो म्हणाला. "म्हणजे वाचला, पण दुसरीकडे. ती काळात मागे गेली की तिथून एक नवीन रस्ता फुटतो म्हणे. त्या रस्त्यावरचा भाऊ वाचतो. हिचा स्वतःचा मेलेलाच राहतो." मी पोळीचा तुकडा डब्याच्या झाकणात ठेवला, मोबाईल घेतला, अप्पांचा नंबर काढला आणि बोट टेकवायच्या आधी थांबले. मोबाईल उलटा करून टेबलावर ठेवला. "तुम्ही बघणार होतात का? मी सगळंच सांगून टाकलं," आदिल म्हणाला. मी म्हटलं, "नाही, सांग. पुढे?" पुढचं त्याने सांगितलं, पण ते माझ्या डोक्यात शिरलं नाही. वीसेक वर्षं चाललेल्या एका भांडणाचा निकाल लागला होता आणि दुसरी बाजू हजर नव्हती. अप्पा, म्हणजे माझे वडील, दिवाळीच्या आधी गेले. आता उन्हाळा लागला होता.

माणूस गेल्यावर मोठ्या गोष्टींची सोय असते. दहावं, तेरावं, बँकेत काय द्यायचं, मीटर कुणाच्या नावावर करायचं, हे सांगणारे लोक आपणहून येतात. पण जी बातमी जगात एकाच माणसाला द्यायची होती ती आता कुठे ठेवायची, हे कुणी सांगत नाही. ती तशीच घेऊन मी संध्याकाळपर्यंत प्रुफं वाचली. सातवीच्या भूगोलाच्या मार्गदर्शकात कुणीतरी सीना नदी गोदावरीला मिळवली होती. मी ती तिथून काढून भीमेला मिळवली. हे काम मला जमतं. एखाद्या हौशी कादंबरीकाराचा नायक विसाव्या पानावर डावा हात मोडून घेतो आणि चाळिसाव्या पानावर त्याच हाताने पोहतो, ते मला लगेच दिसतं. दिसतं म्हणजे टोचतं. आणि ही टोचणी मला लावली ती अप्पांनी, ज्यांनी आयुष्यात एकही कादंबरी शेवटपर्यंत वाचली नाही.

अप्पांची केडगावात केबल होती. गच्चीवर दोन मोठ्या डिश, आतल्या खोलीत उष्ण वास येणारी यंत्रं, आणि त्यांचं स्वतःचं एक चॅनल, ज्यावर ते जेवणाच्या वेळेला सिनेमा लावत. अब्दुलचाचा खांबांवर चढून वायर ओढत आणि अप्पा खाली उभं राहून 'डावीकडं, अजून डावीकडं' म्हणत. धंद्यातली भागीदारी एवढी सोपी होती. त्या काळी सिनेमाच्या दोन चकत्या यायच्या, पहिली संपली की दुसरी घालायची. घड्याळवालीचा पहिला भाग आला तेव्हा मी शाळेत होते. इंग्रजी सिनेमा, हिंदी बोलणारा. इंग्रजी नाव कुणाच्या तोंडात बसेना, म्हणून केडगावाने तिला घड्याळवाली केलं, कारण ती बाई भावाचं मोठं पुरुषी घड्याळ मनगटावर घालून फिरते. भाऊ पुलावरून पडून मरतो. ही इंजिनियर असते, एका पडीक पाण्याच्या टाकीत यंत्र उभं करते आणि त्याला वाचवायला मागे जाते. त्या संध्याकाळी अप्पांनी दुसरी चकती आधी घातली. भाऊ मेलेलाच, बाई पुलावर उशिरा पोचलेली, मग नावांची पाटी, आणि मग, दुसरी चकती समजून घातलेल्या पहिलीत, भाऊ हसत घरी येतो आणि बहिणीच्या डोक्यावर टपली मारतो. एरवी एखाद्या कौटुंबिक सिनेमात चित्र जरा थरथरलं तरी फोन वाजायचा, "कानिफभाऊ, पैसे कशाचे घेता?" म्हणून. त्या दिवशी एकही फोन आला नाही. चूक आधी कुणाच्या लक्षात आली तर अप्पांच्याच, तीही चकती बाहेर काढताना. दुसऱ्या दिवशी अब्दुलचाचा खांबावरूनच ओरडले, "भाई, सगळी गल्ली म्हनती, काय पिच्चर हाय! आधी मरन दाखवलं आन मंग जगनं. लई डोकं लावलंय." अप्पा वर बघत म्हणाले, "व्हय, डोकं तर लावलंयच." लोकांनी मागणी केली म्हणून पुढच्या आठवड्यात त्यांनी तो सिनेमा पुन्हा लावला, तसाच उलटा. केडगावातली चाळिशीची माणसं आजही शपथेवर सांगतील की घड्याळवाली पुलावरून सुरू होते.

खरं भांडण सुरू झालं ते दुसऱ्या भागापासून. त्यात ती वेळेवर पोचते आणि भावाला वाचवते. घरी परत येते तर भाऊ स्वयंपाकघरात अंडी तळत असतो. मी म्हटलं, अप्पा, हे होऊच शकत नाही. भाऊ मेलाच नाही तर हिने यंत्र बांधलं कशाला? यंत्र बांधलं नाही तर ती मागे गेली कशी? आणि गेली नाही तर तो वाचला कसा? अप्पा खाटेवर पडून होते, पोटावर रिमोट. त्यांनी थोडा विचार केला. "तुला भूक लागली, तू जेवलीस," ते म्हणाले. "आता भूक न्हाई. म्हनून तू जेवलीच न्हाईस का?" हे चूक आहे हे मला पक्कं कळत होतं. मी कॉलेजात तर्कशास्त्र घेतलं ते थोडंफार या जेवणासाठी. तिसऱ्या भागात दोन घड्याळवाल्या एकमेकींना भेटतात, आणि भाऊ घड्याळ देताना म्हणतो, हे तूच मला दिलं होतंस. म्हणजे तिने त्याला दिलं, त्याने तिला दिलं. मी विचारलं, मग विकत कुणी घेतलं? दुकानात कोण गेलं? अप्पांना त्याची काळजी नव्हती. त्यांचा प्रश्न पट्ट्याचा होता. इतक्या वेळा इकडून तिकडे गेलेलं घड्याळ, त्याचा चामड्याचा पट्टा एव्हाना कुजून पडायला हवा होता. तो कधीच नवा होत नाही, कधीच जुना होत नाही. "पट्टा दाखवा म्हनावं," ते म्हणत, जणू तो दिग्दर्शक आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर बसला होता. चौथा भाग आला तोवर केबल मोठ्या कंपन्यांकडे गेली होती, अप्पांनी गच्चीवरच्या डिशमध्ये वाळवणं घालायला परवानगी दिली होती, आणि मी सावेडीत माझ्या फ्लॅटवर एकटी राहायला लागले होते. चौथा भाग आम्ही माझ्या लॅपटॉपवर बघितला, थांबवून थांबवून. गेल्या वर्षी, ते गेले त्या वर्षी, तो आम्ही पुन्हा बघितला. त्यांनीच काढला विषय. मला ते तेव्हा वेगळं काही वाटलं नाही.

त्या दिवशी छापखान्यातून मी सावेडीला न जाता केडगावला गेले. अप्पा गेल्यापासून बहुतेक संध्याकाळी तेच करत होते. आई तिथे एकटी होती आणि दिवसेंदिवस वाळत चालली होती. ती शेजारणींना दारातूनच परत लावायची. मी गेले की भाकरी टाकायची, पण स्वतः तव्याजवळ उभ्यानेच चतकोर मोडून तोंडात टाकायची. माझ्याकडे चल म्हटलं की कारणं निघायची. तुळशीला पाणी कोण घालील. तुळस कधीच वाळून गेली होती. दूधवाला येऊन परत जाईल. दूध तिने बंद केलं होतं. मी अशी कारणं वाचत असते. एक पान मागे गेलं की ती पडतात. पण मी ती पाडली नाहीत. वाटलं, घर सुटत नसेल. नगरच्या या टोकापासून त्या टोकाला यायचं होतं, दुसऱ्या मुलखात नव्हे, पण घर सुटत नाही म्हणजे सुटत नाही.

आणि रोज संध्याकाळी ती मागे जायची. तिला यंत्र लागत नसे, टाकीही लागत नसे. ओट्याला टेकून, हातात पुसायचं फडकं घेऊन ती त्या सकाळच्या चहापासून सुरू करायची. अप्पांनी चहा निम्माच घेतला. छातीत जळजळतंय म्हणाले. पित्त झालं असेल. तिने लिंबू पिळून सोडा दिला. ते आडवे झाले. अब्दुलचाचांना हाक मारली, ते गाडी घेऊन आले, दवाखान्याच्या दारात सगळं संपलेलं होतं. एवढंच. पण रोज ती त्यातली एक गोष्ट बदलून बघायची. "सोडा द्यायला नको हुता." दुसऱ्या दिवशी, "अब्दुलभाऊंना आधी हाक मारायला पायजे हुती." तिसऱ्या दिवशी, "आदल्या रातीलाच त्यांचा चेहरा उतरला हुता." सोडा काढला तरी ते जायचे, गाडी आधी आली तरी जायचे. कधी त्यांनी पाणी सोड्याच्या आधी मागितलेलं असायचं, कधी नंतर. मी ऐकत बसायचे आणि माझ्या डोक्यात, मला नको असताना, पानाच्या समासात बारीक खुणा व्हायच्या. एकदा ती म्हणाली, "गोळी द्यायला गेले तवर डोळे फिरले हुते." मी विचारलं, "कसली गोळी?" ती फडकं झटकत म्हणाली, "पित्ताची." पुढच्या वेळच्या सांगण्यात गोळी नव्हती. मी ती खूण पुसून टाकली. दुःखातल्या माणसाची प्रुफं वाचू नयेत, एवढं मला कळत होतं.

त्या संध्याकाळी मात्र आदिलची बातमी माझ्याजवळ होती. ती कुणाला तरी द्यायचीच होती, आणि मला वाटलं तिचा उपयोग होईल. मी आईला खुर्चीवर बसवलं. म्हटलं, "आई, तू जी मागे जातेस ना, ती आत्ताची तू जातेस. ते जाणार हे तुला आता माहीत आहे. त्या सकाळी ओट्याशी जी उभी होती, तिला माहीत नव्हतं. तिला दिसलं ते पित्त. तिने पित्ताचं औषध दिलं. तू आत्ताचं कळलेलं तिच्या डोक्यात घालतेस आणि मग तिला दोष देतेस. ही त्या सिनेमातली चूक आहे, अप्पा आणि मी इतकी वर्षं भांडायचो ती. तुला माहीत नव्हतं, आई." बोलून झाल्यावर मला बरं वाटलं. मुद्दा नीट मांडला होता, एकही शब्द जास्तीचा नव्हता. आई माझ्याकडे बघत राहिली. तिने नुसतं "व्हय" म्हटलं आणि उठून दोरीवरचे वाळलेले कपडे काढायला गेली. त्या रात्री तिने चतकोरही खाल्लं नाही. दुसऱ्या दिवशी अब्दुलचाचांचा फोन आला. "बेटी, भाभीला काय बोल्ली का तू? आमच्या जरीनानं बिर्याणी पाठवली, तसाच डबा परत आला. भाई गेले तवा बी इतकं नव्हतं." मी म्हटलं, मी तर तिला समजावलं. "समजावलं?" ते म्हणाले. "तू शिकल्याली हाय. पन जरा कमी समजाव."

बरोबर बसवलेला मुद्दा माणसाला आणखी खाली का ढकलतो, याचा मी आठवडाभर विचार केला. काम करता करता, रिक्षात, भाजी निवडताना. मुद्द्यात चूक असेल तर सापडायला हवी होती. मी पुन्हा पुन्हा तपासला. माहीत नसलेल्याला दोष नाही. आईला माहीत नव्हतं. म्हणून आईला दोष नाही. पहिलं वाक्य ठीक होतं, तिसरं त्यातून निघत होतं. मधल्याकडे मी बघितलंच नाही. ते मला जमिनीसारखं वाटत होतं, ज्यावर उभं राहून बाकीचं बघायचं. हवा गरम होती. छापखान्याच्या पत्र्याखाली शाई लवकर सुकत होती आणि बारावीच्या मार्गदर्शकांची घाई होती. आदिलने एकदा विचारलं, "बघितला का मग?" मी म्हटलं, नाही. एकटीने बघण्यासारखा तो सिनेमा नव्हता. एकटीने बघितला असता तर मी त्यातल्या सगळ्या चुका काढल्या असत्या आणि त्या घेऊन कुठे गेले असते?

रविवारी आईनेच विषय काढला. मी तिचं डोकं विंचरत होते. तिचे केस इतके विरळ झाले होते की फणी कुठेच अडत नव्हती. ती म्हणाली, "त्यो पिच्चर लागलाय म्हनं. घड्याळवालीचा. अब्दुलभाऊ म्हनत हुते." मी म्हटलं, हो. "जायाचं का?" मी फणी थांबवली. आईने आजवर घड्याळवालीचा एकही भाग सलग बघितला नव्हता. तिच्या वाट्याला यायचे ते आतून ऐकू येणारे आवाज, आणि आमचं भांडण. "तुला कळणार नाही ग, आधीचे चार भाग..." मी सुरुवात केली. "न्हाई कळलं तर न्हाई कळलं," ती म्हणाली. "त्यांनी बघितला असता. कुनीतरी बघाया पायजे." मग जरा थांबून, "आन घरात बसून बसून..." आणि ते वाक्य तिने तसंच सोडून दिलं.

दुपारचा खेळ होता. थंडगार अंधार, निम्म्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या. आई पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन, पिशवी मांडीवर धरून बसली, दवाखान्यात बसतात तशी. पडद्यावर घड्याळवाली म्हातारी झाली होती. वीस वर्षांत ती नटीच म्हातारी झाली होती, त्यात काही युक्ती नव्हती. तिच्या हाताच्या शिरा वर आल्या होत्या आणि घड्याळ सैल झालं होतं. मी पट्ट्याकडे बघितलं. पट्टा नवाकोरा. अप्पा असते तर खुर्चीतून उठले असते. मी हसले असेन, कारण आईने वळून माझ्याकडे बघितलं. मग एका प्रयोगशाळेत एक तरुण शास्त्रज्ञ फळ्यावर रेघ काढतो, रेघेला फाटा काढतो आणि तिला सांगतो, तू आजवर ज्यांना वाचवलंस ते सगळे या फाट्यांवर आहेत. तुझ्या रेघेवर कुणीच नाही. सगळं सुटत होतं. यंत्र का बांधलं, भाऊ कसा वाचला, सगळं. भोक इतकं नीट बुजलं होतं की तिथे भोक होतं हेही कळू नये. आणि मला त्याचा राग येत होता. आमचं भांडण त्या भोकात राहत होतं; जेवण, भूक, दुकान, पट्टा, सगळं तिथेच होतं. हा पोरगा खडू घेऊन आला आणि त्याने लिंपून टाकलं. म्हातारी घड्याळवाली फळ्याकडे बघत विचारते, "मग मी एवढं कुणासाठी केलं?" तिथे दिवे लागले. मध्यंतर.

लोक उठून बाहेर गेले. मी आईला विचारलं, पाणी पिशील का, ती म्हणाली, न्हाई. समोरच्या कोऱ्या पडद्याकडे बघत ती म्हणाली, "रेश्मे, त्यांना माहीत हुतं."

"काय?"

"काळजाचं. आदल्या साली. चालताना दम लागायचा म्हनून गेल्तो आमी. डागदर म्हनला, नळ्या बंद झाल्यात. फाडावं लागंल."

"कुठला डॉक्टर?" मी विचारलं, जणू त्याने काही फरक पडणार होता.

"ऱ्हाऊ दे त्यो. ते म्हनले, मी न्हाई फाडून घेनार. माझा भाऊ टेबलावरच गेला. जिभंखाली ठेवायची गोळी दिली हुती, ती तेवढी घेतली. म्हनले, रेश्मीला सांगायचं न्हाई. ती चार पुस्तकं वाचून येईल आन भांडून भांडून मला टेबलावर निजवंल."

हे खरं होतं. मी अगदी तसंच केलं असतं.

"आणि तू गप्प बसलीस."

"शपथ घातली." तिने पिशवीवरचा उजवा हात उचलला आणि तो काय आहे ते बघितल्यासारखं केलं. "हा हात धरून सोताच्या गळ्याला लावला. म्हनले, पोरीला सांगशील तर माझं मेलेलं तोंड बघशील. मंग कशी सांगू? सांगितलं असतं तर शपथंनं गेले असते. न्हाई सांगितलं तर असे गेले." मागच्या रांगेत कुणीतरी कागदी पुडा फोडत होतं. आई थांबली, तो आवाज संपेपर्यंत. "त्या दिवशी सोडा पिऊन पडले तवा कळलं मला. पित्त न्हवतंच ते, मला म्हाईत हुतं. मी म्हनलं, आता तरी शपथ सुटली म्हना. तुमी सुटली म्हना, मी पोरीला फोन लावते. तर त्यांनी हात हलवला. असा." तिने हात जरासा उचलून डावीकडे नेला. "त्यो लाव म्हनायला हलवला का नगं म्हनायला, मला कळलं न्हाई. रोज त्योच हात बघते मी. सोडा नि गाडी म्हनते तुझ्याम्होरं, पर बघते त्योच हात."

आईने मांडीवरची पिशवी सरळ केली.

"तू म्हनलीस, आई, तुला माहीत नव्हतं. तवा वाटलं, हिला कसं सांगू. आन तुझ्या त्या पिच्चरवानी मागं गेले तरी मी त्येच करीन ग. त्यांनी गळ्याला हात लावला की मी गप्पच बसंन. दुसरं काय करीन? त्येच खातंय मला. मंग तुझ्या घरी येऊन तुझ्या ताटात जेवायचं आन पोटात हे ठिवायचं, व्हतं का ते?"

मी उठले. पाणी घेऊन येते म्हटलं. बाहेर मुतारीच्या बाजूला हात धुवायची जागा होती, तिथे नळ सोडून उभी राहिले. रडू आलं नाही. मागचं सगळं वर्ष माझ्या समोर आलं आणि मला ते पुन्हा वाचावं लागत होतं, शेवटच्या पानावर लेखकाने काहीतरी सांगावं आणि आधीचं प्रत्येक पान बदलून जावं तसं. खाटेवर पडून तो माणूस माझ्याशी पट्ट्यावरून भांडत होता आणि त्याला माहीत होतं. चौथा भाग पुन्हा लाव म्हणाला तेव्हा माहीत होतं. मी निघताना त्यांनी गॅलरीतून "पुढचा भाग कवा येनार ग?" असं विचारलं होतं, तेव्हाही. मी म्हटलं होतं, येईल की, घाई काय आहे. मला त्यांचा राग आला. आईचाही आला, अगदी साधा राग, आपल्याला सोडून दोघांनीच काहीतरी ठरवल्याचा. मग वाटलं, मी जाऊन आईला म्हणावं, सुटली. पण ते म्हणायचा अधिकार माझा नव्हता. जो घालतो त्यानेच सोडवायची. लहानपणी खेळतानाही हा नियम कुणी मोडत नसे. आणि आता सुटण्यासारखं राहिलं तरी काय होतं? शपथेत जे होईल म्हटलं होतं ते आधीच होऊन गेलं होतं. तरी ती इतके महिने पाळत बसली होती, आणि आज तिने ती मोडली होती, सगळ्यात मोठी शपथ, मक्याच्या खारट लाह्यांच्या वासात, कुणी सोडवलेली नसताना. मला ते जमलं नसतं. मी कितीही मागे गेले तरी अप्पांशी भांडलेच असते, आणि ती कितीही मागे गेली तरी गप्पच राहिली असती, आणि अप्पा, आम्हा दोघींना पुरते ओळखून, पुन्हा तिचाच हात गळ्याला लावून बसले असते. फाटा फुटायला जागाच नव्हती. हे काही समाधानाचं नव्हतं. पण ते बरोबर होतं, आणि त्यात मला चूक काढता आली नाही.

पाण्याची बाटली घेऊन परत आले तेव्हा सिनेमा सुरू होऊन बराच वेळ झाला होता. अंधारात रांग सापडेना. पडद्यावर उजेड झाला तेव्हा आई दिसली. ती पुढे झुकून बघत होती आणि पिशवी तिने माझ्या खुर्चीवर ठेवली होती, कुणी बसू नये म्हणून. मी आले तशी तिने पिशवी उचलून घेतली. मी बसले. बाटली तिच्या हातात दिली, ती तिने एका दमात निम्मी संपवली. पडद्यावर दोन बायका पुलाच्या कठड्याला टेकून उभ्या होत्या, एक म्हातारी, एक तरुण.

"काय झालं मधे?" मी विचारलं.

आई माझ्या कानाशी आली. तिच्या तोंडाला लवंगेचा वास येत होता. "म्हातारी मागं गेली," ती कुजबुजली, "पर भावाकडं न्हाई गेली. त्या तरन्या घड्याळवालीकडं गेली, ती निघायच्या आदी. तिला समदं सांगितलं. म्हनली, तू जाशील, त्यो वाचंल, पर तुझा न्हवं. ती पोरगी लई चिडली. म्हनली, मला आदी का न्हाई सांगितलं. उठून गेली. मंग परत आली. आता दोगी उभ्या हायत."

"तिच्यावर रागावली?"

"रागावली की. रागावनारच."

"आणखी काही? काही राहिलं?"

आईने जरा आठवून बघितलं, खरोखर आठवून. "न्हाई," ती म्हणाली. "समदं सांगितलं."

शेवट काय झाला ते मला सांगता येईल, पण त्यात विशेष काही नाही. सहावा भाग काढता येईल अशी जागा त्यांनी ठेवली आहे. बाहेर ऊन उतरलं नव्हतं आणि डांबर मऊ लागत होतं. आईने डोळ्यांवर हात धरला. फाटकाशी रिक्षा उभी होती. रिक्षावाल्याने विचारलं, "कुठं, मावशी?" मी बोलले नाही. मला बोलता आलं असतं.

"आदी केडगाव," आई आत बसत म्हणाली. "तितं जरा थांबायचं. मंग सावेडी."

"थांबायचं वेगळं पडंल मावशी."

"काय वेगळं?" आई म्हणाली. तिचा आवाज मी कित्येक महिन्यांनी असा ऐकत होते. "दोन लुगडी तर भरायची हायत. तू इकडून रिक्षा वळवून लावतूयास तवर मी भाईर आले. चल, घे गाडी."